मुळगावचा कोबी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "प्रेरणादायी लिहा. शेतकरी, ग्राहक, माती, विश्वास, असं काहीतरी." या चारही शब्दांची मी सात वर्षं पत्रकं छापली आहेत. त्यातला 'विश्वास' तर इतक्या वेळा छापला की त्याचा अर्थ आपल्याला कळतो, असं मला वाटायला लागलं होतं. तेव्हा त्याबद्दलच लिहिते. प्रेरणा झालीच कुणाला, तर जबाबदारी संपादकांची.

पणजीत कुणी विचारलं, तू काय करतेस, तर 'भाजी विकते' म्हणून चालत नाही. समोरचा लगेच भाव विचारतो. 'समाजाधारित शेती' म्हटलं तर तो घड्याळ बघतो. गोष्ट खरं तर साधी आहे. डिचोली-पेडण्यात भात कापून झालं की त्याच मळ्यांत झरीच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावर भाजी करतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी शहरातली कुटुंबं त्या भाजीत एकेक वाटा घेतात आणि हंगामाचे पैसे आधीच देऊन टाकतात. मग दर बुधवारी मळ्यात जे येईल ते सगळ्यांत सारखं वाटायचं. जास्त आलं तर सगळ्यांना जास्त, कमी आलं तर सगळ्यांना कमी. भाव करायचा नाही, निवडून घ्यायचं नाही. बाजारात जोखीम शेतकऱ्याची असते आणि मत ग्राहकाचं. इथे जोखीम दोघांची, एवढाच फरक.

आमचे नऊ शेतकरी होते. सहा डिचोलीचे आणि तीन पेडण्याचे. पणजीत तीस घरं. प्लॅस्टिक नको म्हणून प्रत्येक घराने आपली वेताची टोपली द्यायची, तिच्यावर रंगाने घराचं नाव. मंगळवारी टोपल्या रिकाम्या गावात जायच्या, बुधवारी भरून परत यायच्या. ही कल्पना माझी. टोपलीत भाजीबरोबर एक पत्रकही जायचं. ते लिहिणारी मीच. पत्रकांच्या घरातच वाढले मी. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं.

पहिल्या सभेला सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली की आम्ही शेतकऱ्याच्या सुखदुःखाचे वाटेकरी आहोत. शपथ मोठ्याने म्हणण्यात पुढे होते देसाई सर, निवृत्त प्राध्यापक. त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी सरांचा निरोप आला : "टोमॅटो कुठे आहेत?"

अशा निरोपांची माझ्याकडे एक वही आहे. एका सभासदाने वांग्यातल्या अळीचा फोटो पाठवून विचारलं होतं, "ही सेंद्रिय आहे का?" एकीला मुळ्याचा वास येत होता आणि वास नसलेला मुळा हवा होता. एक गृहस्थ म्हणाले, पेडण्याच्या मिरचीला चव छान आहे, फक्त तिखटपणा कमी करता येईल का, शेतकऱ्याशी बोलून बघा. वीणाताई म्हणून एक सभासद होत्या, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, प्रेमळ बाई. त्या दर बुधवारी टोपलीचा फोटो काढायच्या, वरून, खाली पांढरी चादर घालून. तो सगळीकडे फिरायचा. मला त्याचा आनंदच व्हायचा.

सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते दाखल्याबद्दल. तुमच्या शेतकऱ्यांकडे विषमुक्त असल्याचा दाखला आहे का? या प्रश्नाने माझं डोकं आजही फिरतं. जो पिकावर तीनदा फवारतो त्याला कुणी कागद मागत नाही. त्याचा माल गाडीतून उतरतो, पिशवीत जातो, पोटात जातो. ज्या बाईने शेणखतापलीकडे काही घातलं नाही, तिने मात्र शपथपत्र करून, शिक्के मारून सिद्ध करायचं की मी काही केलेलं नाही. गुन्हा करणारा मोकळा आणि न करणाऱ्याने पुरावा द्यायचा, हा न्याय भाजीपुरता राहिलेला नाही, पण ते असो.

आता शेवंतीकाकी. डिचोलीकडच्या मुळगावच्या, साठीच्या आसपास. नवरा खाणीवर होता. खाण बंद झाल्यावर घर काकीच्या मळ्यावर आलं. मळा लहान, पण तांबडी भाजी अशी की जुडी हातात घेतली तर बोटं रंगावीत. काकी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायची, तिच्या आधी तिची सासू बसायची, त्याच जागेवर. म्हापशात जागा कुणाच्या नावावर लिहिलेली नसते. ती बसून राहते. सोपो, म्हणजे बाजारकर, गोळा करणारा तुम्हाला तिथे दर आठवड्याला बघतो, शेजारणी बघतात, गिऱ्हाईक डोळे मिटून तिथे येतं. चार शुक्रवार चुकवले की ती दुसऱ्या कुणाची झालेली असते.

मी काकीला ती जागा सोडायला लावली.

तिला आमच्यात यायचं होतं, पण शुक्रवारही ठेवायचा होता. मी म्हटलं, काकी, मळा एवढासा, दोन्हीकडे कसं पुरणार? आता बाजारच तुमच्या दारात येणार.

काकी म्हणाली, "बाये, ती जागा म्हाका माहेर कशी. सोडली काय दुसरी बसतली थंय."

"बसू दे. तीस घरांनी शपथ घेतलीय."

"शपथ म्हापशाची न्हय मगो?" काकीने विचारलं. बाजारात शपथा फार घेतात, असं तिचं म्हणणं होतं. मी हसले, आणि तिला माझं पत्रक वाचून दाखवलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. "कागद बरो आसा गो. मिरसांगो बांधूंक बरो," म्हणाली आणि खरंच त्यात मिरच्या बांधून माझ्या हातात दिल्या. पण त्या शुक्रवारपासून ती म्हापशाला गेली नाही.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात, जानेवारीत, मुळगावात गवे उतरले. गव्यांचा कळप भाजी खातो कमी आणि तुडवतो जास्त. सकाळी काकी मळ्यात गेली तेव्हा वाफे सारवल्यासारखे सपाट झाले होते. शेजारच्या दोन मळ्यांतही तेच, आणि त्या आठवड्याच्या टोपल्या मुळगावच्या याच तीन मळ्यांनी भरायच्या होत्या. मी त्या मंगळवारी पेडण्यात होते. काकीने फोनवर सांगितलं, मी हळहळले आणि म्हटलं, काकी, घाबरू नका, हाच तर आपला नियम आहे. कमी आलं तर सगळ्यांना कमी. एकेक मूठ मिरची आणि मुळ्याचा पाला पाठवा. मी लगेच पत्रकही लिहिलं : 'या आठवड्यात तुमची टोपली हलकी आहे. हे वजन तुमच्या वाट्याचं आहे.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

बुधवारी टोपल्या काठोकाठ भरून आल्या. घट्ट, फिकट हिरवे कोबी, सरळ फरसबी, आणि वर माझं पत्रक.

पणजीत जल्लोष झाला. वीणाताईंनी चार फोटो काढले. देसाई सरांनी सगळ्या गटाला उद्देशून लिहिलं : "आज खरी चव कळली. मातीतला फरक जिभेला लगेच समजतो. बेळगावच्या कोबीला हा कुरकुरीतपणा कधीच येणार नाही."

मी माझ्या टोपलीतला कोबी हातात घेऊन बसले होते. मुळगावात त्या वर्षी कुणीही कोबी लावलेला नव्हता.

आमचा टेंपो चालवायचा बाबल, दोडामार्गकडचा. त्याला विचारलं तर तो आरशात बघून केस नीट करायला लागला.

"ताई, माका इचारू नको. काकीन माजा तोंड शिवलेला हा."

"बाबल."

"म्हापशाक गेलली पहाटे. बेळगावच्या गाडीवरचो माल. आनि ताई, घेतल्यान कोणाकडसून म्हायत हा? तिच्या जाग्यार आता जी रोज बसता, तिच्याकडसून." मग त्याला हसू आवरेना. "त्या सरांका जमिनीची चव कळता म्हनतत. कळली मां, बेळगावच्या जमिनीची!"

मी तडक मुळगावला गेले. वाटेत बसमध्ये सगळं भाषण तयार केलं होतं. काकी ओट्यावर वाल सोलत होती. तिने काहीच लपवलं नाही.

"लोकांची टोपली गो ती. नांव घालून धाडल्या. लोकांचें आयदन रितें परत धाडपाक जाता? तुज्या आवयन तुका इतलेंय शिकोवंक ना?"

शिकवलं होतं. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चार दाणे साखरेचे का होईना घालायचे, हे आमच्या घरीही होतं. मी टोपल्या मागवल्या त्या प्लॅस्टिक वाचवायला. काकीच्या लेखी ती तीस घरांची तीस भांडी होती आणि ती आपल्या पदरचे पैसे मोडून भरण्यात तिला फसवणूक दिसलीच नाही. तिला ती रीत वाटली.

"पण काकी, ती भाजी बेळगावची होती."

"मागीर? बेळगांवची मनशां न्हय?"

तरी मी ऐकलं नाही. लोकांनी आपल्या मळ्याच्या भाजीसाठी पैसे दिलेत, त्यांना अंधारात ठेवणं हे खोटंच, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं. चूक मी पुढे केली. दुसऱ्या दिवशी मी 'जाहीर कबुली' या मथळ्याचं पत्रक काढलं आणि त्यात सगळं छापलं. गवे, कोबी, म्हापसा, बेळगाव, आणि शेवंतीकाकीचं नाव, गाव, वाडा. पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता. छापण्याआधी मी पाच जणांना वाचून दाखवलं. त्या पाचांत काकी नव्हती.

देसाई सरांचा निरोप सगळ्यांत आधी आला : "मला तेव्हाच शंका आली होती. कोबीला मातीचा वासच नव्हता."

नऊ घरांनी पैसे परत मागितले. एकाने मळ्यात कॅमेरे लावायची सूचना केली. 'दाखला' हा शब्द पुन्हा वर आला, आणि या वेळी मला तोंड उघडायची सोय नव्हती. सभासदांनी तपासणी समिती नेमली. समितीचा निकाल वाईट आला तर योजना बंद, असं ठरलं. सभासद पैसे घेऊन पुन्हा बाजारात गेले असते. काकीला मात्र जायला बाजार उरला नव्हता.

पत्रक मुळगावातही पोचलं. बसथांब्यावर कुणीतरी ते मोठ्याने वाचलं, काकी तिथेच बसची वाट बघत उभी असताना. मी गेले तर तिने नेहमीसारखी "कदेलार बस" म्हणत खुर्ची पुढे केली नाही. मी उभीच राहिले.

"म्हजें नांव छापतना म्हाका विचारलें?"

"काकी, खरं तर सांगायलाच हवं होतं ना."

"खरें सांग. पूण म्हजें खरें म्हाका सांगपाक दी मगो. तूं कोण?"

समिती रविवारी आली. देसाई सर, वीणाताई आणि आणखी दोघे, टोप्या घालून, हातात प्रश्नांची यादी. काकीने सगळं दाखवलं. विहीर, शेणखताची शेणकी, बियाणं ठेवलेले भोपळे, गव्यांच्या खुरांचे खड्डे. त्यांत आता शिंपणाचं पाणी साठलं होतं. वीणाताईंनी त्यांचाही फोटो काढला, पण चादर नसल्यामुळे तो तितका चांगला आला नाही. देसाई सर माती चिमटीत घेऊन बघत होते. बघून ती नक्की कशी कळली, ते कुणी विचारलं नाही. दीड तासाने यादी संपली.

"पळयलें मगो सगळें?" काकीने विचारलं. "आतां हांव तुमगेर केन्ना येवं?"

"आमच्याकडे? कशाला?" सर म्हणाले.

"म्हजी भाजी खंय वता ती पळोवंक. तुमी भाजी येता थंय पळयलें. हांव वता थंय पळयतां. बरोबर न्हय?"

सरांनी यादीत पाहिलं. यादीत हे नव्हतं. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? काकीने लुगडं बदललं, दाराला कडी घातली आणि टेंपोत बाबलशेजारी बसली. मी मागे, रिकाम्या टोपल्यांत.

वीणाताईंच्या चौथ्या मजल्यावर फ्रिजच्या दारावर माझी सगळी पत्रकं चुंबकाखाली ओळीने लावलेली होती, एकही गहाळ नव्हतं. काकीने फ्रिज उघडायला सांगितला. खालच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. तिने एक बाहेर काढली. तिच्यात काळं पाणी आणि त्यात काहीतरी लिबलिबीत.

"ही गवे येवच्या आदल्या बुधवारची." दुसरी काढली. "ही तेच्या पयल्या बुधवारची." केळीच्या सोपटाची गाठ तशीच होती. काकी जुडीला दोन फेरे देऊन गाठ मारते, ती गाठ कुणी सोडलेलीच नव्हती. तिने वास घेतला नाही, तोंड वाकडं केलं नाही. ओट्यावर एकेक पिशवी मांडत गेली. पाच झाल्या. मग विचारलं, "कोबी खंय?"

वीणाताई फार हळू बोलल्या. "कोबी संपला."

देसाई सरांचं घर पुढच्या गल्लीत. तिथे तर फ्रिजही उघडावा लागला नाही. सरांच्या पत्नी, मालतीबाई, दारातच म्हणाल्या, "तू ती मुळगावची काय? बरं झालं आलीस. बाई, इतका पाला निवडणार कोण? यांची बोटं पुस्तकाची पानं सोडून कशाला लागत नाहीत. मी सगळी टोपली आमच्या कामवालीला देते. ती आवडीने खाते."

"तू मला कधी बोलली नाहीस," सर म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही चव सांगत होता ना लोकांना."

बाबल खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. काकी मात्र हसली नाही. ती मालतीबाईंच्या स्वयंपाकघरात गेली, पाटावर बसली आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. कोणती भाजी, किती, आठवड्यातून कितीदा, हात दुखतात का, घरात खाणारं कोण कोण. अशी विचारपूस मी तोवर एकाही घरी केली नव्हती. मी शपथ घ्यायला लावली होती.

त्या दिवशी तिने सहा घरं बघितली. सहाव्या घरातून उतरताना तिने मला विचारलं, "आनी तुजें?"

"माझं काय, काकी?"

"तुकाय वाटो येता न्हय? चल."

माझी खोली पणजीतच, सांतिनेजला, एकटीची. तिथे काय दिसेल ते मला ठाऊक होतं. गॅसवर धूळ. टेबलावर पत्रकांचे गठ्ठे. टोपली दारामागे, तिच्यात सुकून कातडं झालेली वांगी, आणि तो कोबी, पुरावा म्हणून ठेवलेला, पिवळा पडलेला. मी दुपारी खानावळीत जेवते, संध्याकाळी पाव खाते. माझ्या वाट्याची भाजी एरवी बाबल न्यायचा. लोकांनी स्थानिक अन्न खावं म्हणून मी इतकी धावत होते की मला खायला वेळ मिळाला नव्हता.

काकीने सगळं पाहिलं. मला वाटलं, आता ती बसथांब्यावरच्या दिवसाचा हिशेब चुकता करणार. ती फक्त म्हणाली, "तुका वाटो ना. तूं पत्रकां खा."

योजना बंद पडली नाही, पण समितीने वाचवली असंही नाही. बाकीच्या आठ शेतकऱ्यांना विचारून काकीनेच ठरवलं की यापुढे सभासद ती निवडणार, घरी जाऊन, चूल बघून. तिसांतली अकरा घरं राहिली. मालतीबाईंना वाटा मिळाला, एका अटीवर : निवडायचं सरांनी. ते आता दर बुधवारी वर्तमानपत्र पसरून अळसांद्याच्या शेंगा मोडत बसतात आणि मातीच्या चवीबद्दल लिहीत नाहीत. वीणाताईंनी दोनदा अर्ज केला. काकी म्हणाली, बाई बरी, पण पयलीं गांठ सोडपाक शीक म्हण.

हे सांगितलं की लोक हसतात आणि मला वाटतं, इथेच थांबावं. पण अकरा घरांत काकीची सगळी भाजी जात नाही. उरलेल्या भाजीसाठी जागा हवी. मी काकीला न सांगता म्हापशाला गेले, तिच्या जागेवर बसणाऱ्या बाईकडे. ती पेडण्याची, तिच्यासमोरही मिरच्यांचे वाटे. मी तिला न्याय, परंपरा, सासू, सगळं सांगितलं. तिने ऐकलं, मध्येच दोन गिऱ्हाइकं केली, आणि म्हणाली, "तिणें सोडली, हांवें धरली. हांवय कोणाची सून आसां गो." तिचं चुकलं असं मी अजून म्हणू शकलेले नाही. काकी आता डिचोलीच्या बाजारात बसते, अगदी कडेला, जिथे दहा वाजता ऊन येतं. छत्री मी नेऊन दिली. काकी ती उघडत नाही, गिऱ्हाइकाला भाजी दिसत नाही म्हणते.

माफी मी तोंडी मागितली, पत्रक न काढता. तिला किती पटली, माहीत नाही. त्यानंतर तीन हंगाम मी बिनवाट्याची राबले. तिसऱ्या हंगामात मालतीबाईंकडे जाऊन भाजी निवडायला शिकले, सरांच्या शेजारी बसून. ते माझ्यापेक्षा सावकाश निवडतात, पण स्वच्छ.

यंदा गणपतीनंतर काकी पणजीला आली तेव्हा न सांगता माझ्या खोलीवर आली. पातेल्याचं झाकण काढलं. तांबडी भाजी होती, डिचोलीच्या बाजारातून तिच्याच कडेच्या जागेवरून मी पैसे देऊन आणलेली, डाळ घालून केलेली. तिने बोटाने चाखली.

"देंठ घातले?"

"घातले."

"मीठ चड जालां," ती म्हणाली, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. "अर्दो वाटो धाडटां. उरलो जाल्यार फुडल्या वर्सा ना."